बाशानचा राजा ओग खरंच किती उंच होता?

प्रश्न: बायबलमधल्या ओगची उंची कुणी १३ फूट सांगतं, कुणी डोंगराएवढी. मूळ ग्रंथात नेमकं काय आहे?

प्रतिसाद १: उंची कुठेच दिलेली नाही! बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (३:११) माप आहे ते त्याच्या लोखंडी पलंगाचं: ९ हात लांब, ४ हात रुंद. एक हात साधारण ४५ सेंमी धरला तर ४ मीटर बाय १.८ मीटर. पलंगाची लांबी हीच उंची धरली की १३ फूट येतात, आणि चूक तिथेच होते. तो पलंग अम्मोन्यांच्या राब्बा शहरात, म्हणजे आजच्या अम्मानमध्ये होता. काही अभ्यासक त्याला बेसाल्टची शवपेटी मानतात, पण मजकूर पलंगच म्हणतो.

प्रतिसाद २: डोंगराची गोष्ट तल्मूद या यहुदी ग्रंथातली, त्याच्या बराखोथ भागातलं पान ५४ब. ओग इस्राएलच्या छावणीवर टाकायला डोंगर उपटतो, मुंग्या तो पोखरतात, डोंगर त्याच्याच गळ्यात अडकतो. मग इस्राएलचा नेता, १० हात उंच मोशे १० हातांची कुऱ्हाड घेऊन १० हात उडी मारतो, तरी घाव ओगच्या घोट्यावरच! बायबलच्या ‘गणना’ पुस्तकात (२१:३३-३५) यातलं काहीच नाही. ओग आणि इस्राएल यांची एद्रईची लढाई तिथे तीन ओव्यांत संपते.

प्रतिसाद १: ‘ओव्या’ नको, ‘वचनं’ म्हणा. बाकी अगदी बरोबर.