मदत हवी आहे: पायवाटेला काठ ठेवला तर पाणी तुंबतं, काढला तर पांढऱ्या काठीला वाट सापडत नाही

नमस्कार. आम्ही पंधरा-सोळा जण गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी जमून टेकडीच्या कडेने एक पायवाट करतोय. लांबी साधारण चारशे मीटर, रुंदी दीड मीटर. व्हीलचेअरवर असलेल्याला, काठी टेकत चालणाऱ्याला, बाबागाडी ढकलणाऱ्याला कुणाचा हात न धरता शेवटच्या बाकापर्यंत जाता यावं, यासाठी सगळा खटाटोप. आमच्यात इंजिनिअर कुणी नाही. मापं वाचून, विचारून घेतली आहेत.

उतार बहुतेक ठिकाणी १:२० (वीस मीटरला एक मीटर चढ) च्या आत आहे. मधला पंचेचाळीस मीटरचा तुकडा मात्र १:१२ ला जातो. अमेरिकेच्या अ‍ॅक्सेस बोर्डाचे (अपंगांना वावरता यावं यासाठी मापं ठरवणारी तिथली सरकारी संस्था) मोकळ्यावरच्या वाटांसाठी २०१३ चे नियम आहेत. त्यांत १:१२ चा उतार सलग ६१ मीटरपर्यंत चालतो, फक्त वर आणि खाली विसाव्याला सपाट जागा लागते. ती आम्ही ठेवली आहे.

अडलंय ते पाण्यावर. वाटेचा आडवा, म्हणजे डोंगराकडून दरीकडे जाणारा, उतार आम्ही दोन टक्के धरला, म्हणजे दीड मीटरात तीन सेंटीमीटर. दरीच्या बाजूला दगडी काठ लावला, कारण आमच्यातले एक काका पूर्ण अंध आहेत आणि त्यांची काठी त्या काठाला लागूनच पुढे सरकते. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी काठाला अडलं, त्याच्याकडेने खाली धावलं आणि जाताना वाटेवर पसरलेली दगडाची कच (बारीक खडी) घेऊन गेलं. आता तिथे बोटभर खोल घळ पडली आहे. परवा आमच्या व्हीलचेअरवाल्या मैत्रिणीचं पुढचं छोटं चाक तिच्यात रुतलं, खुर्ची तिरकी झाली. ती काही बोलली नाही, मागे घेऊन वळली. तेव्हापासून मला चैन नाही.

काही जण म्हणतात, सरळ काँक्रीट ओता. मला ते शेवटचा उपाय म्हणून ठेवायचंय. काठही राहील आणि पाणीही जाईल असं काही करता येतं का?

प्रतिसाद १

ताई, आधी एक दुरुस्ती. दोन टक्क्यांची (१:४८) मर्यादा काँक्रीट, डांबर आणि फळ्यांच्या वाटेला आहे. कच किंवा मातीच्या वाटेला त्याच नियमांत १:२० (पाच टक्के) पर्यंत आडवा उतार चालतो. तुमच्या १:१२ च्या तुकड्यावर लांबीचा उतार आडव्याच्या चौपट आहे. त्यामुळे पाण्याचा थेंब दीड मीटर आडवा जाईपर्यंत सहा मीटर खाली घरंगळतो, आणि तेवढ्या अंतरात त्याला वेग येतो. आडवा उतार तीन टक्के केलात तर हेच अंतर चार मीटरच्या आसपास येईल.

दुसरं म्हणजे वाटेवर पडणारं पाणी थोडं असतं, टेकडीवरून येणारं जास्त. डोंगराच्या बाजूला चर खणा आणि ते पाणी वाटेखालून पाइपने पलीकडे काढा. हे आधी करा, काठाचं नंतर बघू. आडवे ओंडके घालून पाणी वळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, व्हीलचेअर तिथेच अडेल.

प्रतिसाद २

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, म्हणून लिहितोय. नियमात पाच टक्के बसत असतील, पण आडव्या उतारावर खुर्ची सारखी खालच्या अंगाला ओढली जाते आणि एकाच हाताला जोर लावावा लागतो. चढावर तर जीव जातो. तीनच्या वर जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

कच कसली आणलीत? गोल गोटे किंवा चाळून धुतलेली खडी असेल तर ती कधीच बसत नाही, चाकाखाली सरकत राहते. दगड फोडून निघालेली, धारदार कोपऱ्यांची आणि भुकटीसकट लागते. आठ-दहा सेंटीमीटरचा एकेक थर ओलवून ठोकला की कण एकमेकांत अडकतात.

धागाकर्ती

दादा, धुतलीच होती! पुरवठादाराने ‘स्वच्छ माल’ म्हणून दिली आणि आम्हीही खूश होऊन घेतली. तो थर आता काढतो. पण काठाचं काय?

प्रतिसाद १

काठ डोंगराच्या बाजूला न्या, चर आणि वाट यांच्या मधे. काठीला वाट दाखवायला एक सलग कड पुरते, ती दोन्हीकडे असायची गरज नाही. आणि चराच्या बाजूला काठ असला की चाकही चरात जात नाही. दरीच्या बाजूला दगड काढून वाटेच्या पातळीत हातभर सपाट गवत ठेवा, पाणी त्यावरून पसरून जाईल. जिथे पलीकडे सरळ खोल कडा आहे तिथे मात्र काठ ठेवावाच लागेल. त्यात दर दीड-दोन मीटरवर तळाशी फट सोडा. वाटेच्या पृष्ठभागावर कुठे जाळी बसवलीत तर तिची भोकं १३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, आणि लांबट भोकं चालण्याच्या दिशेला आडवी हवीत, नाहीतर चाक आणि काठी दोन्ही अडकतात.

आणि काठ हलवण्याआधी त्या काकांना विचारा. त्यांना कड कुठल्या हाताला हवी ते आपण कसं ठरवणार?

धागाकर्ती

विचारलं. ते उजव्या हातात काठी धरतात, जाताना डोंगर उजवीकडेच येतो. परतताना डावीकडे येईल, पण ‘कड एकाच बाजूला आहे हे माहीत असलं की मी हात बदलतो’ म्हणाले. रविवारी दहा मीटरचा तुकडा असा करून वरून बादल्या ओततो. पाणी कुठे जातं ते इथेच लिहीन.