पिट्सबर्ग पायरेट्सचा सर्वांत मोठा क्षण मॅझचा होमरन नाही, १ सप्टेंबर १९७१ची रात्र आहे

तीन_नद्या

गेली अकरा वर्षं मी पिट्सबर्गमध्ये राहतेय. शिकायला आले तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. विद्यापीठाच्या आवारात विटांच्या जुन्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, त्यावर वेल चढलेली. ती फोर्ब्स फील्ड या जुन्या मैदानाची भिंत. दर १३ ऑक्टोबरला दुपारी तिथे माणसं जमतात, पायरेट्सनी, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाने, जिंकलेल्या १९६० सालच्या अंतिम सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात आणि बिल मॅझेरोस्कीचा, म्हणजे मॅझचा, चेंडू भिंतीपलीकडे गेला की आत्ताच गेल्यासारखे ओरडतात. हा प्रकार १९८५ साली एका माणसाने एकट्याने टेप लावून सुरू केला. मीही दोनदा गेलेय. डोळ्यांत पाणी येतं, खोटं सांगत नाही.

तरीही या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण म्हणून त्याच होमरनचं (आपला षटकारच म्हणा) नाव घेतलं की मला खटकतं. माझ्या मते तो क्षण १ सप्टेंबर १९७१चा. थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध साधा साखळी सामना होता. मैदान जेमतेम पाव भरलं होतं. मॅनेजर डॅनी मर्टॉने नऊ जणांची यादी लावली आणि ते नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकेतले होते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल साखळीत, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. पायरेट्स १०-७ने जिंकले. पिट्सबर्गच्या दोन्ही मोठ्या दैनिकांचा तेव्हा संप चालू होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात त्यावर एक ओळही नाही.

कृष्णवर्णीयांना मेजर लीग बंद होती, ती बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन १९४७ साली मैदानात उतरला तेव्हा तो एकटा होता. चोवीस वर्षांनी नऊ जण उतरले. तुम्हाला काय वाटतं?

जुना_स्कोअरर

ताई, लिहिलंय मनापासून, पण मला पटत नाही. लक्षात राहणारा क्षण म्हणजे लोकांच्या लक्षात राहिलेला क्षण. त्या रात्री मैदानात असलेल्यांपैकी किती जण घरी जाऊन म्हणाले असतील की आज इतिहास पाहिला? खुद्द खेळाडूंच्या ध्यानात आलं ते खेळ सुरू झाल्यावर, असं अल ऑलिव्हरने पुढे सांगितलंय. मर्टॉनेही कधी तो मोठेपणा घेतला नाही. आपल्याकडचे सर्वांत चांगले नऊ जण खेळवले, एवढंच त्याचं म्हणणं.

आता १९६० बघा. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मालिका. समोर न्यूयॉर्क यँकीज. सात सामन्यांत त्यांच्या ५५ धावा, पायरेट्सच्या २७. यँकीजनी जिंकलेले तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू हरलेल्या संघातून निवडला गेला, बॉबी रिचर्डसन. असं वर्ल्ड सिरीजमध्ये पुन्हा कधी झालेलं नाही. सामना नऊ डावांचा. सातव्या सामन्यात पायरेट्स आधी ४-० पुढे, मग ७-४ मागे, आठव्या डावात ९-७ पुढे आणि नवव्यात यँकीजची बरोबरी, ९-९. शेवटच्या अर्ध्या डावात पहिलाच बॅटर मॅझेरोस्की. राल्फ टेरीचा दुसरा चेंडू, डावीकडे उंच, योगी बेरा भिंतीकडे धावला आणि नुसता बघत उभा राहिला.

तोवर वर्ल्ड सिरीजचा निकाल शेवटच्या फटक्याला होमरनने कधीच लागला नव्हता. सातव्या सामन्यात तर आजतागायत पुन्हा तसं घडलेलं नाही. याच्यापुढे साखळी सामन्यातली एक यादी?

क_कल्याण

स्कोअरर काकांशी सहमत. शिवाय मॅझेरोस्की मोठा फटकेबाज नव्हता, हे सांगायला हवं. सेकंड बेसवर (धाव पुरी करायला गाठायच्या चार टप्प्यांपैकी दुसरा) चेंडू हातात आला न आला तोच पुढे फेकणारा माणूस. १७०६ डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद), सेकंड बेसवरचा विक्रम. आपल्याकडे एखाद्या यष्टिरक्षकाने अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर षटकार मारून विश्वचषक आणावा, तसं समजा. हे आयुष्यभर सांगायचं सोडून लोकांनी काय सांगायचं?

रत्नांग्री_टू_ओहायो

मी तिसरं नाव घेतो. ३० सप्टेंबर १९७२. पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे, न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर डबल (थेट सेकंड बेस गाठून देणारा फटका), कारकिर्दीतला ३०००वा हिट (बॅटर सुखरूप बेसवर पोचतो असा फटका). सेकंड बेसवर उभं राहून टोपी उंचावली, बस्स. त्यानंतर नियमित हंगामात त्याने एकही हिट केला नाही. २३ डिसेंबरला निकाराग्वाच्या मनाग्वा शहरात भूकंप झाला. आधी पाठवलेली मदत वाटेतच लंपास होते असं कानावर आलं, म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री हा माणूस स्वतः मदतीच्या विमानात बसला. सान हुआनहून उडालेलं ते विमान लगेच समुद्रात कोसळलं. देह सापडला नाही. संघातला त्याचा मित्र मॅनी सँगियेन पाणबुड्यांबरोबर त्याला शोधायला समुद्रात उतरला होता, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमालाही गेला नाही.

बरोबर ३०००. एक कमी नाही, एक जास्त नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, जायला खेळ थांबल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३मध्येच घेतलं. क्षणाला त्यानंतरच्या तीन महिन्यांनी अर्थ दिला हे मान्य, पण क्षणांना अर्थ असाच येतो ना?

तीन_नद्या

@जुना_स्कोअरर, काका, तुम्ही दिलेला एकही आकडा मी नाकारत नाही. पण तुमच्या त्या सामन्यातच माझा मुद्दा लपलाय. सुरुवातीच्या नऊ जणांत कृष्णवर्णीय खेळाडू एकच होता, क्लेमेंटे. आठव्या डावात दोन बाद असताना त्याने फर्स्ट बेसकडे एक मरतुकडा ग्राउंडर (जमिनीवरून सरपटणारा फटका) मारला आणि जिवाच्या आकांताने पळाला. यँकीजचा पिचर (गोलंदाज) जिम कोट्स बेसवर वेळेत पोचला नाही. क्लेमेंटे सेफ, एक धाव आली, डाव संपला नाही. पुढच्याच हॅल स्मिथने तीन धावांचा होमरन मारला. तो ग्राउंडर वाया गेला असता तर मॅझेरोस्कीच्या होमरनची वेळच आली नसती.

त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात क्लेमेंटे आठवा आला. पहिला आला डिक ग्रोट, त्याच्याच संघातला. क्लेमेंटेला हे शेवटपर्यंत लागून राहिलं. पेपरवाले त्याचं इंग्रजी उच्चारांसकट मोडकंतोडकं छापायचे. बेसबॉल कार्डांवर रॉबर्टोचा ‘बॉब’ करून टाकला होता, त्याने कधी मागितलं नसताना. मी स्वतः इथे पहिल्या नोकरीत माझं नाव कापून छोटं केलेलं निमूट सोसलंय. म्हणून ते कार्ड पाहिलं की मला आत कुठेतरी टोचतं.

१९६०मध्ये नऊपैकी एक, १९७१मध्ये नऊपैकी नऊ. आणि दोन्ही वेळा मॅनेजर एकच, डॅनी मर्टॉ. मॅझेरोस्कीही १९७१च्या संघात होता. त्या रात्री सेकंड बेसवर त्याच्या जागी पनामाचा रेनी स्टेनेट उभा होता. ही एकाच घराची गोष्ट आहे, मला फक्त तिचा दुसरा अर्धा भाग मोठा वाटतो.

सिनसिनाटीकर

इथे फक्त १ ऑक्टोबर २०१३ची नोंद करून जातो. वीस हंगाम सलग हरण्यात गेलेले, १९९३ ते २०१२. मग घरच्या मैदानावर प्लेऑफ (बाद फेरी), समोर आमचे सिनसिनाटी रेड्स. पिचर जॉनी क्वेटो. सगळं मैदान एका सुरात ‘क्वे-टो, क्वे-टो’. त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होमरन. मी पाहुण्यांच्या बाजूचा होतो, तरी असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. बाकी सगळे क्षण खेळाडूंचे, हा प्रेक्षकांचा.

क_कल्याण

२०१३ छानच, पण ते १९९२चं उट्टं होतं. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. वर्ल्ड सिरीज गाठायला फक्त तीन बाद हवे होते आणि पायरेट्स २-० पुढे. शेवटी दोन बाद, आणि फ्रान्सिस्को कब्रेराचा हिट. बॅरी बाँड्सने मैदानाच्या डाव्या बाजूने चेंडू टाकला आणि सिड ब्रीम, जो आधी पायरेट्सचाच होता, ज्याच्या गुडघ्यांत जोर नव्हता, तो घसरत होम प्लेटला (जिथे धाव पुरी होते) पोचला आणि सामना गेला. वीस वर्षांचा वनवास तिथे सुरू झाला. लोकांना पराभवच जास्त लक्षात राहतो.

माजघर

मला वाटतं चर्चा भरकटतेय. तीन_नद्या यांनी ‘सर्वांत थरारक’ विचारलेलं नाही, ‘सर्वांत मोठा’ विचारलंय.

महाराष्ट्रातल्या माणसाला ती १९७१ची यादी वाचून पाळवणकर बंधू आठवायला हवेत. बाळू पाळवणकर १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले, पण जात आडवी आली आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३मध्ये कर्णधार झाले. त्या यादीत कुणाचं नाव वर लिहिलंय याला केवढा अर्थ होता! संघाची यादी म्हणजे कागद नसतो. कुणाला आत घ्यायचं याचा तो निर्णय असतो.

आणि पिट्सबर्गपुरतं बोलायचं तर याच गावात होमस्टेड ग्रेज आणि क्रॉफर्ड्स हे कृष्णवर्णीयांचे बलाढ्य संघ होते. ग्रेज फोर्ब्स फील्ड भाड्याने घेऊन खेळायचे. जॉश गिब्सनसारखा फटकेबाज त्याच मैदानावर खेळला, पण मैदानाच्या मालकांच्या संघाने त्याला कधी घेतलं नाही. जानेवारी १९४७मध्ये तो गेला, रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी. पायरेट्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, कर्ट रॉबर्ट्स, घेतला तो १९५४मध्ये. म्हणजे १ सप्टेंबर १९७१ हा या गावावरचा जुना हिशेब आहे.

जुना_स्कोअरर

माजघर, पाळवणकरांचं उदाहरण चपखल आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. विठ्ठल कर्णधार झाले ते लोकांच्या डोळ्यांसमोर. त्यासाठी भांडणं झाली, दबाव आला, म्हणून तो टप्पा ठरला. १९७१ला कुणी काही ठरवलं नव्हतं. नेहमीचा थर्ड बेसमन रिची हेबनर त्या रात्री नव्हता. फिलाडेल्फियाचा पिचर डावखुरा, म्हणजे फर्स्ट बेसवर एरवी उजव्या हाताने खेळणारा बॉब रॉबर्टसन आला असता, तोही बसला. दोन जागा अशा भरल्या गेल्या. आणखी एक. पिचर डॉक एलिस दुसरा डावसुद्धा पुरा करू शकला नाही. म्हणजे ते नऊ जण मैदानात एकत्र होते दोन डावांपेक्षाही कमी. योगायोगाला इतिहास म्हणू नये.

मी १९७२च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला शिकायला आलो. नववर्षाच्या सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रेडिओवर क्लेमेंटेची बातमी ऐकली. आमच्या मजल्यावरचा एक पोरगा जमिनीवरच बसला. मला तेव्हा क्लेमेंटे कोण हे धड माहीत नव्हतं. त्या पोराकडे बघून कळलं. म्हणून सांगतो, माणसाच्या अंगावर जे येतं तेच लक्षात राहतं. रत्नांग्रीवाल्यांना माझं मत देतो फार तर, पण यादीला नाही.

तीन_नद्या

काका, तुमची ती सकाळ वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पण योगायोगाबद्दल बोलते. दोन गोरे खेळाडू बसले आणि त्यांच्या जागी आलेले दोघेही कृष्णवर्णीय निघाले, हा योगायोग त्या काळात इतर कुठल्या संघात घडू शकला असता? उरलेले सात जण आधीपासून तसेच असावे लागतात ना! जनरल मॅनेजर जो ब्राउन आणि नवे खेळाडू हुडकायला कॅरिबियन बेटं पालथी घालणारा स्काउट होवी हाक यांनी वर्षानुवर्षं माणसं गोळा केली म्हणून सँगियेन होता, स्टेनेट होता. बोस्टनने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला १९५९मध्ये, सर्वांत शेवटी. तिथे असा योगायोग घडायला आणखी किती वर्षं लागली असती, सांगा.

मर्टॉने ठरवून केलं नाही, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. रॉबिन्सनला ठरवून आणावं लागलं. या नऊ जणांसाठी कुणाला ठरवावं लागलं नाही. आणि अंगावर येण्याचं म्हणाल, तर पेपर बंद होते त्या रात्रीचं कुणाच्या अंगावर काय येणार? १९६०च्या सामन्याचं चित्रण टिकलं ते संघाचा एक मालक, गायक बिंग क्रॉस्बी, याच्या तळघरात. २००९मध्ये ते डबे सापडले. १९७१च्या त्या सामन्यासाठी असं तळघर कुणाकडे नव्हतं.

रत्नांग्री_टू_ओहायो

मी अजून ३०००वरच आहे. पण एक भर घालतो, तुम्हा दोघांच्याही उपयोगाची. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९७१मध्ये, पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले. क्लेमेंटेला सातही सामन्यांत हिट मिळाला, सरासरी .४१४. टीव्हीवाल्याने माइक पुढे धरला तर तो म्हणाला, आधी आईवडिलांशी बोलतो, आणि साऱ्या अमेरिकेसमोर स्पॅनिशमध्ये त्यांचा आशीर्वाद मागितला. ज्याला ‘बॉब’ केलं होतं त्या माणसाने!

क_कल्याण

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

तीन_नद्या, माझं मत मॅझलाच, पण एक विचारतो. एवढं लिहिलंत, त्या नऊ जणांची नावं कुठे आहेत?

तीन_नद्या

खरंच राहिली. बॅटिंगच्या क्रमाने देते. रेनी स्टेनेट, पनामा. जीन क्लाइन्स, कॅलिफोर्निया. रॉबर्टो क्लेमेंटे, प्वेर्तो रिको. विली स्टार्जेल, ओक्लाहोमात जन्मलेला. मॅनी सँगियेन, पनामा. डेव्ह कॅश, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा, थर्ड बेसवर हेबनरच्या जागी. अल ऑलिव्हर, ओहायो, फर्स्ट बेसवर रॉबर्टसनच्या जागी. जॅकी हर्नांडेझ, क्यूबा, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा). आणि डॉक एलिस, लॉस एंजेलिस. एलिस लवकर गेल्यावर ल्यूक वॉकर या गोऱ्या पिचरने बराच वेळ खिंड लढवली आणि विजय त्याच्या नावावर लागला.

काका, १३ ऑक्टोबरला मी भिंतीपाशी येणार आहे. तुम्ही अजून या भागात असाल तर या. आणि तुमच्या आवडत्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटाबद्दल बोलाल तेव्हा १९७१चाही शेवट सांगा. १७ ऑक्टोबर, बाल्टिमोर, सातवा सामना, २-१. शेवटचा ग्राउंडर हर्नांडेझने उचलला आणि फर्स्ट बेसवर फेकला. तिथे झेलायला बॉब रॉबर्टसन उभा होता.