लिनक्सवरचं छोटं नेटबुक: आज जवळ ठेवावं का?

(चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

डोंगरवाट

आधी मत सांगतो. दहा इंची पडद्याचं, किलो-सव्वा किलोचं जुनं नेटबुक कपाटात पडलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. लिहिणं, पीडीएफ वाचणं, दुसऱ्या यंत्रावर एसएसएचने (जाळ्यावरून) काम करणं, प्रवासात कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करणं, एवढ्यासाठी ते आजही नीट चालतं. त्याच्याकडून आजच्या लॅपटॉपची अपेक्षा मात्र ठेवू नये.

२००७ साली असूसचं ई पीसी ७०१ आलं ते झँड्रॉस लिनक्स घेऊनच. पडदा ७ इंची, ८०० बाय ४८०. रॅम ५१२ एमबी, साठवण ४ जीबी, वजन जेमतेम ९२० ग्रॅम. पुढे नेटबुकांसाठी विंडोज एक्सपीचा स्वस्त परवाना निघाला आणि लिनक्स मागे पडलं. त्या परवान्यात १ जीबीहून जास्त रॅम चालत नसे, म्हणून दुकानातली बहुतेक नेटबुकं १ जीबीचीच असत. अ‍ॅटम एन२७० या इंटेलच्या प्रोसेसरसोबतचा चिपसेट (त्याला रॅम, डिस्क जोडणारी चिप) मात्र २ जीबी घेतो. म्हणजे वाढवायला जागा पहिल्यापासून होतीच.

पहिलं काम रॅमचं. जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा, डीडीआर२ आहे की डीडीआर३ (रॅमच्या दोन पिढ्या) ते पाहा आणि २ जीबीची एकच पट्टी बसवा. एसरच्या पहिल्या अ‍ॅस्पायर वनमध्ये ५१२ एमबी बोर्डावरच डाग दिलेली असते. तिथे दीड जीबीच्या पुढे जाता येत नाही आणि तेवढ्यासाठीही सगळं यंत्र उघडावं लागतं.

दुसरं काम हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचं. या चिपसेटवर साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) वेग सेकंदाला दीडशे एमबीच्या वर जात नाही, त्यामुळे साधी १२० जीबीची पुष्कळ झाली. फरक पडतो तो बारीक बारीक शेकडो फायली एकदम वाचताना. यंत्र सुरू होणं आणि प्रोग्रॅम उघडणं म्हणजे नेमकं तेच असतं.

मग अँटीएक्स हे हलकं लिनक्स, किंवा डेबियन या लिनक्सवर नुसतं आइसडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम). काही न उघडता रॅम दीडशे-दोनशे एमबीच्या आसपास राहते. झेडरॅम (रॅममधलाच मजकूर दाबून जागा करणारी सोय) रॅमच्या निम्म्या आकाराचं चालू करा आणि त्यात एलझेड४ ही दाबण्याची पद्धत निवडा. झेडएसटीडी जास्त दाबतं खरं, पण त्याची किंमत प्रोसेसर मोजतो, आणि अ‍ॅटमकडे नेमकी तीच चणचण आहे.

रूळबदल

रॅम आणि एसएसडीवर पैसे घालण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट? तुम्ही ज्या एन२७० चं नाव घेतलंत तो निव्वळ ३२-बिट आहे. एन२८० तसाच. आणि त्यांच्यासाठी दारं एकेक करून बंद होत आहेत.

क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. आर्च लिनक्सने २०१७ मध्ये. उबंटू आणि फेडोरा या लिनक्सांनीही त्यानंतर काढता पाय घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही (लिनक्सचा गाभा) नाही. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. मोझिलानेही ३२-बिट लिनक्सवरचं फायरफॉक्स १४४ व्या आवृत्तीवर थांबवलं. ज्या यंत्रावर ब्राउझरच्या सुरक्षा दुरुस्त्या येणार नाहीत त्यावर बँकेचा पासवर्ड टाकायचा का? अँटीएक्स किंवा पपी (आणखी एक हलकं लिनक्स) लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांची पॅकेजंही (तयार प्रोग्रॅम) बहुतांशी डेबियन, उबंटूसारख्या मोठ्या लिनक्सांमधूनच येतात.

डोंगरवाट

मुद्दा मान्य, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. लिनक्सच्या कोणत्याही लाइव्ह (काही न बसवता थेट चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून सुरू करून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएससीपीयू' चालवा. वरच ३२-बिट, ६४-बिट दोन्ही दिसले तर पुढे जा. २०१० पासूनचे एन४५०, एन४५५, एन५५०, एन५७० हे ६४-बिट आहेत, त्यांवर आजचं डेबियन सरळ बसतं. एन२७० वर खर्च करू नये, हेही मान्य. पण ते आधीच घरात असेल तर इंटरनेट न जोडता लिहिण्यासाठी ठेवायला काय हरकत? त्याला ब्राउझर लागतच नाही.

सुरक्षेबद्दल एक भर. २०१३ पूर्वीचे अ‍ॅटम आज्ञा आल्या त्याच क्रमाने चालवतात, पुढचं अंदाजाने आधी करून ठेवत नाहीत. त्यामुळे मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष त्यांना लागू होत नाहीत आणि त्यांवरच्या उपायांनी यंत्र मंदावण्याचा प्रश्नही येत नाही. म्हणून ब्राउझर जुना चालेल असं मात्र मी म्हणत नाही.

रूळबदल

६४-बिटमध्येही सगळे सारखे नाहीत. एन२६०० आणि एन२८०० कागदावर एन४५० पेक्षा नवे, पण त्यांतलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं नसून पॉवरव्हीआरचं आहे. लिनक्समध्ये त्याला धड प्रवेगक ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. खिडकी सरकवली की मागे रेषा ओढल्यासारखं दिसतं, व्हिडिओ प्रोसेसरलाच ओढावा लागतो. शिवाय त्यांतल्या कित्येकांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ६४-बिट बंद करून ठेवलेलं आहे. झेड५२० वगैरे प्रोसेसरांचं जीएमए५०० हे ग्राफिक्सही त्याच जातीचं. वापरलेलं घेताना विक्रेता 'नवा प्रोसेसर' म्हणाला की ग्राफिक्सचं नाव विचारा.

कळफलक

इथे सगळे चिपवर बोलताहेत. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण कीबोर्डची आहे.

इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) स्वर डाव्या हाताला असतात. मात्रा नुसत्या कळीने येते, पण अ, आ, इ, ई, उ, ए, ओ यांसाठी शिफ्ट लागतं, आणि डावा हात स्वरात गुंतलेला असल्यामुळे ते उजवं शिफ्ट असतं. ई पीसी ७०१ आणि ९०१ मध्ये उजवं शिफ्ट लहान करून बाण-वरच्या कळीच्या पलीकडे ढकललेलं आहे. 'आई' लिहायला जावं तर कर्सर वरच्या ओळीत पोचतो आणि अक्षरं तिथे पडतात. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला स्वर वारंवार येतो, त्यामुळे हा त्रास परिच्छेदागणिक होतो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला तो इतका जाणवतही नाही.

उपाय: एक्समॉडमॅप या आज्ञेने त्या दोन कळींची अदलाबदल करा. आधी एक्सईव्ही चालवून दोन्ही कळींचे क्रमांक पाहून घ्या. शिफ्टचं काम कळ बदलल्यावरही टिकावं म्हणून शिफ्टच्या यादीतून जुनी नोंद काढून नवी घालावी लागते. बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग दोन्ही कळा निरुपयोगी होतात.

दुसरी अडचण उलट्या तिरक्या रेषेच्या कळीची. इनस्क्रिप्टमध्ये ॉ आणि ऑ तिच्यावर आहेत. छोट्या कीबोर्डावर ती कधी अर्ध्या रुंदीची, तर कधी एंटरला चिकटलेली असते. 'ऑफिस', 'डॉक्टर', 'कॉलेज' लिहिताना ओळच तुटते. तेव्हा घेण्याआधी दुकानातच या दोन कळा दाबून पाहा.

आणि 'टर्मिनलमध्ये लिहा, हलकं पडतं' असा सल्ला कोणी दिला तर तो मराठीसाठी चुकीचा आहे. लिनक्सच्या नुसत्या कन्सोलवर देवनागरी दिसतच नाही. त्याच्या फाँटमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षर जुळवण्याची सोय नाही. एक्सटर्म हे टर्मिनल जोडाक्षरं फोडतं, र्‍हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसण्याऐवजी नंतर पडते. एमएलटर्म ते बऱ्यापैकी जुळवतं. पण सरळ माउसपॅड किंवा फेदरपॅड हे साधे लेखन-प्रोग्रॅम वापरा, रॅम फार खात नाहीत आणि 'क्ष', 'ऱ्या' नीट दिसतात. १०२४ बाय ६०० च्या पडद्यावर १४ पॉइंटाच्या खाली देवनागरी ठेवू नका, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

डोंगरवाट

कळफलक, हे फार उपयोगी आहे. एक भर: नुसतं इनस्क्रिप्ट हवं असेल तर आयबस (भाषा बदलून टाइप करण्यासाठीचा वेगळा प्रोग्रॅम) लावूच नका. एक्सच्या (लिनक्समधली पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी व्यवस्था) कीबोर्ड मांडणीतच भारतीय मांडणी आहे, ती इंग्रजीसोबत जोडून ऑल्ट-शिफ्टने बदलता येते आणि मागे एकही जादा प्रोग्रॅम चालत नाही. आयबस आणि त्याला मांडण्या पुरवणारं एम१७एन लागतात ते उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांना.

चौथा सेल

बॅटरीवर कोणी बोललं नाही. या यंत्रांचे पॅक १८६५० मापाच्या गोल लिथियम सेलचे असतात. सहा सेल म्हणजे तीन जोड्या एकापुढे एक, सुमारे ११ व्होल्ट, नवे असताना ४८ वॉट-ताशांच्या आसपास. एन४५० चं नेटबुक मध्यम उजेडात ८ ते १० वॉट खातं, म्हणजे पाच तास. पंधरा वर्षांच्या पॅकमध्ये यातलं काय उरलंय ते यू-पॉवर या आज्ञेने पाहा: 'पूर्ण भरल्यावर' आणि 'मूळ क्षमता' हे दोन आकडे शेजारी ठेवा. गुणोत्तर ४० टक्क्यांच्या खाली असेल तर ते यंत्र भिंतीला बांधलेलं आहे असंच समजा.

सेल बदलून घेतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: पॅकमधल्या नियंत्रक चिपचं काय करणार? सेल काढताना तिचा पुरवठा तुटला की कित्येक पॅकांत ती कायमची बंद पडते, किंवा जुनीच क्षमता धरून बसते आणि ३० टक्क्यांवर यंत्र अचानक विझतं. बाजारात मिळणारे नकली पॅक लेबलवर ५२०० एमएएच लिहितात. वजन करून पाहा. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, सहा सेल म्हणजे नुसत्या सेलांचंच २७० ग्रॅम. सगळा पॅक त्याहून हलका लागला तर आत काय आहे ते कळलंच.

वर चार्जर बहुतेकदा १९ व्होल्टचा, प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. मग थोडं वजन वाचवण्यात अर्थ काय? एवढ्या खटपटीपेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात वापरलेला साडेबारा इंची बिझनेस लॅपटॉप घ्या. वजन तीन-चारशे ग्रॅम जास्त, पण ८ जीबी रॅम, पूर्ण कीबोर्ड, उजवं शिफ्ट जिथल्या तिथे.

रूळबदल

याला पूर्ण पाठिंबा. त्यात लिनक्स कसलीही ओढाताण न करता बसतं.

मधली सुट्टी

विकत घ्यायचंच असेल तर चौथा सेल म्हणतात तेच बरोबर. पण हातात आधीच आहे त्याचं काय, असा मूळ प्रश्न होता, आणि त्यात २०१४-१५ नंतरची एक तिसरी जात राहून गेली: २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (डिस्कऐवजी साठवणाची चिप), दोन्ही बोर्डावर डाग दिलेली. विंडोजने जागा संपवली म्हणून ही आज घरोघरी पडून आहेत. पंखा नाही, किलोभर वजन, यूट्यूब ७२० रेषांवर हार्डवेअरमधून चालतं (ब्राउझरने व्हीपी९ ऐवजी एच.२६४ हा व्हिडिओप्रकार मागायला हवा, त्यासाठी छोटं एक्स्टेन्शन मिळतं). लिनक्सला ही यंत्रं उत्तम. फक्त तीन ठिकाणी अडतं.

एक, बे ट्रेलवाल्या (इंटेलच्या छोट्या प्रोसेसरांची त्या वेळची एक पिढी) बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट पण यूईएफआय (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) ३२-बिट असतं. पेन ड्राइव्ह यादीत दिसतच नाही आणि माणूस यंत्रच बिघडलं समजतो. पेन ड्राइव्हच्या ईएफआय-बूट फोल्डरमध्ये 'बूट-आयए३२' ही फाइल टाकली की दिसू लागतो. बसवून झाल्यावर ग्रबचीही (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) ३२-बिट ईएफआय आवृत्तीच घालायची.

दोन, काही न करता अचानक थिजणं. बे ट्रेलचा हा प्रसिद्ध दोष आहे, खोल झोपेतून प्रोसेसर नीट उठत नाही. सुरू होताना कर्नलला द्यायच्या ओळीत इंटेल-आयडलची कमाल सी-स्टेट (झोपेची पातळी) १ ठेवली की थांबतं, मात्र बॅटरी लवकर उतरते. आजच्या कर्नलवर आधी त्याशिवाय चालवून पाहा.

तीन, आवाज. साउंड फर्मवेअरचं पॅकेज आणि अल्सा या आवाजव्यवस्थेच्या यूसीएम फायली दोन्ही घातल्याशिवाय स्पीकर गप्प.

ईएमएमसी बदलता येत नाही, म्हणून तिची झीज आधी तपासा. एमएमसी-यूटिल्समधून आयुष्याचा अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत मिळतो. सात-आठ टप्प्यांच्या पुढे गेली असेल तर लिहिलेलं सगळं एसडी कार्डावर ठेवा आणि डिस्कवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) मुळीच ठेवू नका.

कळफलक

लहान यंत्राची कल्पनाच वाया गेली असं मात्र म्हणवत नाही. ओएलपीसी (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या प्रकल्पाचा एक्सओ-१ आठवा: ४३३ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, फेडोरावर शुगर ही मुलांसाठीची मांडणी. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत तो २००७ मध्येच पोचला होता. त्याचा साडेसात इंची पडदा भर उन्हात, मागचा दिवा बंद करूनही वाचता येई. नंतरच्या नेटबुकांनी त्याचा आकार उचलला, तो पडदा उचलला नाही. अंगणात, शेतावर, एसटीच्या खिडकीशी बसून लिहायचं तर आजही तोच पडदा हवा आहे.

डोंगरवाट

मग माझं मत असं बदलतो. एन२७० नवीन खर्चाशिवाय, जाळ्याबाहेर. एन४५० ते एन५७० असेल आणि बॅटरी निम्मी तरी उरली असेल तर २ जीबी आणि एसएसडी घाला. ईएमएमसीवालं असेल तर झीज पाहून लिनक्स चढवा. विकत घेऊ नका, इथे चौथा सेलशी वाद नाही.

एक राहिलं. ६०० रेषांच्या पडद्यावर सेटिंगच्या खिडक्यांचं 'ओके' बटण खाली बाहेर जातं. ऑल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढता येते. रोजचंच असेल तर एक्सआरअँडआर या आज्ञेने पडदा सव्वापट करा, १२८० बाय ७५० मिळतो. अक्षरं थोडी धूसर होतात, म्हणून लिहायला बसताना परत एकपट करून घ्यायचं. दोन्ही आज्ञा दोन कळांना जोडून ठेवा.

चौथा सेल

मूळ पडद्यापेक्षा मोठा पडदा केला की काही आवृत्त्यांत माउस जुन्या सीमेशीच अडतो. तसं झालं तर त्याच आज्ञेत पॅनिंगचा (माउसला फिरता येईल त्या भागाचा) आकारही १२८० बाय ७५० द्या.