घरी करी उदोन करायचंय, चव जमत नाहीये, सल्ला हवाय

नागोया_ते_पुणे:
नमस्कार मंडळी, आम्ही तीन वर्षं नागोयाला होतो, आता पुण्यात परत आलोय आणि थंडी पडली की मला करी उदोनचीच, म्हणजे जाड गव्हाच्या नूडल्स घातलेल्या जपानी करीच्या दाट सुपाचीच आठवण येते. तिथे बसल्या बसल्या कागदी एप्रन आणून द्यायचे, कारण नूडल्स ओढताना पिवळे शिंतोडे अंगावर उडतातच. घरी दोनदा केलं. पहिल्यांदा जपानी करीच्या वड्या (पीठ, चरबी आणि मसाल्याच्या तयार चौकोनी वड्या) पाण्यात विरघळवल्या तर पातळ पिठल्यासारखं लागलं, दुसऱ्यांदा आलं-लसूण आणि गरम मसाला घातला तर सरळ आपला रस्साच झाला, छान होता पण ते नव्हे. नूडल्सही गिळगिळीत झाल्या. सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांनाही चालेल असं सांगा. आणि मिरिन (स्वयंपाकात घालतात ती गोडसर तांदळाची दारू) नाही मिळालं तर काय घालू?

तोक्योकर:
ताई, मसाल्यापेक्षा पाण्याचंच जास्त चुकलंय. करी राइसची (भातावर वाढतात ती) करी नूडल्सवर ओतली म्हणजे करी उदोन होत नाही, त्याच्या खाली दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी, लागते. आधी साध्या उदोनचं सूप करायचं आणि मग त्यात करी, हा क्रम धरा.

दोघांसाठी ७०० मिली पाण्यात ७-८ ग्रॅम कोंबु (सुकं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवा, मंद आचेवर ठेवा आणि भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच काढा, उकळू दिलात तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. मग मूठभर कात्सुओबुशी (सुक्या माशाचे पातळ काप) घाला, दोन मिनिटांनी गाळा, पिळू नका. सासूबाईंसाठी कात्सुओबुशीऐवजी ४ सुकी शिताके (जपानी अळंबी) कोंबुबरोबर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात घाईने भिजवू नका, गार पाण्यात जी चव उतरते ती वेगळीच.

आता थोड्या तेलात कांदा परता, दीड मोठा चमचा जपानी करी पावडर घालून मंद आचेवर वास सुटेपर्यंत हलवा, वर दाशी, ३ मोठे चमचे शोयू (जपानी सोया सॉस), २ मोठे चमचे मिरिन. मिरिन नसेल तर दोन छोटे चमचे साखर घाला, भागतं. शेवटी काताकुरिको म्हणजे बटाट्याचं स्टार्च, २ मोठे चमचे गार पाण्यात कालवून हळूहळू ओता आणि सतत हलवत दीड-दोन मिनिटं नीट उकळू द्या. इथे बहुतेक जण घाई करतात आणि मग वाडग्यात सूप पातळ होतं. पळी उचलली की सूप तिला धरून राहून जाडसर धारेने खाली यायला हवं, आणि वर चकाकी. कॉर्नफ्लॉवरने दाटपणा येतो पण ती चकाकी येत नाही.

गरम मसाला मात्र अजिबात नको. जपानला करी मेइजी काळात (१८६८ ते १९१२) इंग्रजांकडून गेली, पीठ लावून दाट केलेली, म्हणून ती पहिल्यापासून आपल्यापेक्षा सौम्य. उदोनवर करी घालायची सुरुवात तोक्योतल्या वासेदा भागातल्या सान्चोआन या सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) दुकानात १९०४ च्या सुमारास झाली असं सांगतात.

डबा_पार्टी:
वड्याच वापरायच्या असतील तर गॅस बंद करून घाला, उकळत्यात टाकल्या की बाहेरचं पीठ आधी शिजतं आणि आत गुठळी राहते. व्हर्मोंट करी या ब्रँडची वडी सफरचंद आणि मधामुळे गोडसर असते, मुलांना आवडते. पण बऱ्याच वड्यांमध्ये प्राण्यांची चरबी किंवा मांसाचा अर्क असतो, सासूबाईंसाठी खोक्यावरचं वाचल्याशिवाय घेऊ नका, पावडरच बरी. आमच्याकडे आदल्या दिवशीची करी उरली की त्यात दाशी आणि शोयू घालून दुसऱ्या दिवशी उदोन, जपानी घरांतही सर्रास असंच करतात.

कणीक_मळणारी:
नूडल्सचं मी सांगते. फ्रोझन उदोन मिळालं तर तेच घ्या. नाहीतर ३०० ग्रॅम मैदा, १४० मिली पाणी, १५ ग्रॅम मीठ. पीठ खूप घट्ट वाटेल, तसंच हवं, जाड पिशवीत घालून पायाने तुडवा, दोन तास ठेवा, मग लाटून ३-४ मिलिमीटर जाड कापा. भरपूर पाण्यात १०-१२ मिनिटं उकळा, एक काढून बघा, मधे किंचित कच्चट असतानाच उतरवा कारण दाट सूप लवकर निवत नाही आणि त्यात त्या आणखी शिजतात. गार पाण्याखाली चोळून धुवा, वाढताना परत गरम पाण्यात बुडवून घ्या. धुवायचं टाळलं की गिळगिळीत होतात, तुमचं तेच झालं असणार.

नागोया_ते_पुणे:
रविवारी केलं! शिताकेची दाशी रात्री लावली होती, सकाळी डबा उघडला तर पाणी चहाच्या रंगाचं आणि तो वास, मला तिथल्या स्वयंपाकघरात उभी असल्यासारखं वाटलं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. नूडल्स मात्र जरा जाड झाल्या, पुढच्या वेळी अजून लाटेन. भिजलेली शिताके तशीच ठेवलीत, ती यातच घालू का?

तोक्योकर:
हो हो, देठ काढून पातळ चिरा आणि कांद्याबरोबर परता. देठ टाकू नका, पुढच्या दाशीत घाला.