मदत हवी आहे: उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना कोणती खूण मानायची?

गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या एकपदरी डांबरी रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की घोळ होतो. काही चालक ‘या पुढे’ म्हणून उजवा इंडिकेटर देतात, काही डावा. उजवा म्हणजे खरं तर ‘मी वळतोय’. शेताच्या वाटेला ट्रॅक्टर वळला तर मागचा थेट चाकाखाली. तुमच्या भागात काय चालतं? हात दाखवणं जास्त खात्रीचं का?

हॉर्न इंजिनाच्या (आणि स्पीकरच्या!) आवाजात ऐकू जात नाही, म्हणून दिवसाही दोनदा डिपर देणं बरं. पण बाहेर आलेल्या उसाने आरसा झाकला तर तोही दिसत नाही. मागचे दिवे झाकले जातात ते वेगळंच. तिथे लाल रिफ्लेक्टर टेप उसावर नाही, ट्रॉलीच्या फाळक्यावर (मागच्या फळीवर) हवी.

दुसरं, समोरासमोर आल्यावर साइडपट्टीवर कोणी उतरायचं? भरलेली ट्रॉली उतरली तर कडेच्या खड्ड्यात चाक जाऊन कलंडते, त्यामुळे रिकाम्याने उतरावं हे पटतं. चढावर मात्र नियम स्पष्ट आहे, उताराने येणाऱ्याने थांबायचं. पण चढणारा रिकामा आणि उताराने येणारा भरलेला असेल तर? ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.