इंजेक्शनमुळं भूकच मेलीय, कोल्हापुरी घरात जेवण कसं बसवायचं?

राजारामपुरी_वहिनी

वजनासाठी डॉक्टरांनी टिर्झेपॅटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय. पहिला महिना २.५ मिलिग्रॅम होतं, तेव्हा काही जाणवलं नाही. ५ वर आल्यापासून भूकच मेलीय. वजन उतरतंय, गुडघे बरे आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडलंय ते जेवणाशी.

घरात पाच माणसं, स्वयंपाक माझ्याकडंच. सगळ्यांना वाढून ताटावर बसते तर अर्ध्या भाकरीत पोट टम्म. उरलेलं ताट बघून सासूबाई विचारतात, "काय गं, बाहेरनं खाऊन आलीस?" इंजेक्शनचं त्यांना माहीत आहे, पण भूक मारायला पैसे मोजतात व्हय, हे त्यांचं पालुपद काही संपत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला ८० ग्रॅम प्रथिनं सांगितलीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात म्हणे. तक्त्यात ओट्स, ग्रीक योगर्ट, ॲव्होकाडो. आमच्या घरात ॲव्होकाडो आलं तर आधी त्याचा ठेचा होईल. मला आमटी, उसळ, मटण यातनंच कुणीतरी बसवून द्या.

शिवाय इंजेक्शन घेते शुक्रवारी रात्री आणि रविवारी मटण. तांबड्या रश्श्याला चटणी तेलात पडली की वासानंच ढवळतंय. आणि मंगळवारी उपवास असतो. साबुदाण्याची खिचडी चार घास खाल्ली की रात्रीपर्यंत पोटात दगड. काय करावं?

उद्यमनगर_फौंड्री

ताई, मी शुगरसाठी सेमाग्लुटाइडवर आहे, त्याच जातीचं औषध. हे पोट सावकाश रिकामं करतंय आणि वर मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतंय. त्यामुळं तेलकट खाल्लं की ते तासन् तास तिथंच. मी आधी तेल कमी केलं, निम्मी मळमळ तिथंच गेली.

भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघून खा. सगळ्यांना वाढून शेवटी बसायचं तेवढं बंद करा. स्वयंपाकाच्या वासात दोन तास उभं राहिल्यावर कुणालाही जेवण जात नाही, त्यात तुमच्या पोटात हे औषध. आणि ताटात पहिला घास भाकरीचा नको. अंडं, उसळ, मटण जे असेल ते आधी, मग भाजी, भाकरी शेवटी. एका भाकरीत प्रथिनं तीन-चार ग्रॅम, आणि जागा सगळी तीच खाते.

हिशेब असा. दोन अंड्यांत १२ ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या मुगाची किंवा मटकीची उसळ केली तर ११-१२. १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, तेवढंच कच्चं मटण २० च्या आसपास. मूठभर फुटाणे ६. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५, घासाला घास हिशेब केला तर याला तोड नाही. ताकाऐवजी चक्का खा, ताकात पाणीच जास्त. ८० एका बैठकीत होणार नाहीत, चार-पाच वेळा थोडं थोडं.

रविवारचं सांगतो. मटण शिजल्यावर रश्श्याला घालायच्या आधी वाटीभर अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, आणि चार-पाच फोडी तुमच्यासाठी बाजूला काढा. आलं-लसूण, हळद, मीठ, बास. निवलं की वर चरबीचा थर धरतो तो चमच्यानं काढून टाका, मग परत कडकडीत गरम करा. नुसतं अळणी पिऊन उपयोग नाही, प्रथिनं फोडींत आहेत. आणि पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून सोसेल असं धरू नका. नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, म्हणजे चरबीच की. तांबडा घ्यायचा तर वरचा तेलाचा कट बाजूला सारून दोन चमचे.

वार बदलता येतो, डॉक्टरांना विचारा. टिर्झेपॅटाइडच्या दोन डोसांत निदान तीन दिवस जावे लागतात. सोमवारी घेतलं तर रविवार मोकळा.

गंगावेस_कट्टा

वहिनी, एवढा हिशेब कशाला? संध्याकाळी गंगावेशीत या, धारोष्ण दुधाचा एक ग्लास, विषय कट. पैलवान काय वेडे आहेत व्हय?

उद्यमनगर_फौंड्री

भावा, पैलवान हजार जोर मारतो. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट, ग्लासभर प्यायलं तर ताईंचा दिवस गेला. शिवाय न तापवलेलं दूध मी तरी कुणाला सांगणार नाही. तुझ्या बोलण्यातलं एक मात्र खरं, व्यायाम पाहिजे. नुसतं रंकाळ्याला चालून स्नायू टिकत नाहीत, थोडं वजन उचलायला लागतंय.

मिरज_काउंटर

औषधाच्या दुकानात असतो म्हणून एवढंच. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर या इंजेक्शनबरोबर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, साखर एकदम खाली जाते. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडं जात असेल, किंवा पाणीसुद्धा ठरत नसेल, तर धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. पाणी जेवताना ढोसू नका, दिवसभर घोट घोट प्या. बद्धकोष्ठही होऊ शकतं, त्यावरही पाणी लागतं.

आणि फौंड्रीवाले, सोमवारी घेतलं तर मंगळवारचा उपवास बरोबर तडाख्यात सापडतोय की.

राजारामपुरी_वहिनी

अरे हो! मग बुधवार रात्र विचारते डॉक्टरांना. गुरुवार-शुक्रवार आमच्याकडं तसंही आमटी-भातच असतो. रविवारपर्यंत चार दिवस होतात, मंगळवारपर्यंत सहा. शुगर नाही मला, तरी उपवासाचंही विचारून घेते. खिचडी बंद, सकाळी चक्का, दुपारी वरीचा भात थोडाच आणि दही, रात्री कपभर दूध साय काढून.

जेवायला मात्र मी आता सासूबाईंच्या पंगतीलाच बसणार, भाकरी लेक थापेल. तिला येतात, करत नाही एवढंच.

त्या सोयाबीनच्या वड्यांचा वास कसा घालवता तेवढं सांगा.

उद्यमनगर_फौंड्री

मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात टाकून घट्ट पिळा. दोनदा करा. नंतर बारीक चिरून खिम्यासारख्या परता, आलं-लसूण जास्त, तेल चमचाभर. आमच्यात पोरांना अजून पत्ता नाही.