मदत हवी आहे: ऊडनाडाटा ट्रॅकने उलुरू, आमच्या गाडीला झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको ॲडलेडला राहतो. जुलैत गाडीने उलुरूला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या त्या प्रचंड लाल खडकाला जायचं, वाटेत तंबू ठोकून राहायचं, एवढं नक्की आहे. अडलंय ते रस्त्यावर. स्टुअर्ट हायवेने कूबर पीडीवरून गेलं तर सगळा डांबरी रस्ता. पण नवऱ्याच्या मनात ऊडनाडाटा ट्रॅक आहे, म्हणजे मारी ते मार्ला, सुमारे 600 किलोमीटर कच्चा. 1872 साली पूर्ण झालेली तारेची लाइन आणि जुनी घान रेल्वे याच वाटेने जायची. त्याचे आजोबा मिरजेला रेल्वेत होते. पडकी स्टेशनं, गंजलेले पूल म्हटलं की त्याचा पाय निघत नाही. आणि मलाही तिकडूनच जायचंय. कावर्ड स्प्रिंग्जला रेल्वेच्या दिवसांतली खजुराची झाडं आहेत, जमिनीखालून येणाऱ्या कोमट पाण्यात बसता येतं, जवळच 'बबलर' नावाच्या झऱ्यात तळाची वाळू सतत ढवळत असते. हायवेने गेलं तर यातलं काहीच दिसणार नाही.

गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, पण उंची बेताची. स्टेपनी ती बारीकवाली, तात्पुरती. तिच्या भरवशावर दगडगोट्यांच्या रस्त्यावर जायला जीव धजत नाही. पूर्ण मापाचं चाक विकत घेऊन टपावर बांधावं का? पाऊस आला तर काय करायचं? तंबूच्या खुंट्या तिथल्या कडक जमिनीत शिरतात का?

आणखी एक. सांगलीला सासूबाई रोज रात्री फोनची वाट बघतात. दोन दिवस रेंज नसेल तर त्यांना झोप लागणार नाही. यावर कुणी काय उपाय केलाय?

उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू लावू देत नाहीत, म्हणून उद्यानाबाहेर यूलारा गावाला कॅम्पग्राउंडवर जागा घेतली आहे. ती बाजू झाली.

– सईची_डायरी

रानवाटा: सईताई, चाक घ्याच, त्यात काटकसर नको. शिवाय हवा मोजायचं मीटर आणि छोटा कंप्रेसर. कच्च्यावर हवा थोडी कमी ठेवायची, वेगही कमी, डांबरीवर आलात की पुन्हा भरायची. पावसाचं मात्र गांभीर्याने घ्या. थोड्या सरीनेही तिथली माती चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि रस्ते बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहे, आणि रुतलेली गाडी काढायला कोण कधी येईल सांगता येत नाही. मारीला पोचल्यावर रस्त्याची अवस्था विचारूनच पुढे जा.

माझं मत विचाराल तर अर्धाच ट्रॅक करा. मारी ते विल्यम क्रीक सुमारे 200 किलोमीटर, तिथून पश्चिमेला वळलात की साधारण 165 किलोमीटरवर कूबर पीडी. तोही कच्चाच, पण तुम्हाला हवे असलेले झरे, खजूर, लेक एअर साउथ हे खारं सरोवर, सगळं या पहिल्या टप्प्यातच येतं. विल्यम क्रीकला पेट्रोल मिळतं. खुंट्या जाड पोलादी घ्या, सोबत हातोडा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात.

निशिगंध_मेलबर्न: फोनसाठी सॅटेलाइट मेसेंजर बघा. रोज रात्री 'पोचलो, ठीक आहोत' एवढा मेसेज सांगलीला जातो. पीएलबी, म्हणजे संकटात मदत मागायचं यंत्र, वेगळं, ते फक्त जिवावर बेतलं तर दाबायचं, त्यातून खुशाली कळवता येत नाही. आणि थंडीला कमी लेखू नका, जुलैत उलुरूला रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. अंगाखालची चटई जाड हवी, गारठा जमिनीतून येतो.

सईची_डायरी: खूप आभार दोघांचे. विल्यम क्रीकवरून वळायचं हे नवऱ्यालाही पटलं. चाक उद्याच बघतो. रानवाटा, टपावर चाक बांधायला साधे पट्टे पुरतात की रॅकच लागतो?